गुलाबी रविवार आणि स्कोनवाल्या आजी

ताई, नमस्कार.

मी मूळची सांगलीची. गेली अकरा वर्षं मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात राहते. चार वर्षांपूर्वी शेजारणीच्या आग्रहानं इथल्या लॉन बोल्स (गवतावर जड चेंडू घरंगळवत लहान चेंडूजवळ न्यायचा खेळ) क्लबात गेले आणि तिथेच रमले. सदस्य ऐंशीच्या आसपास, बहुतेक सत्तरीपुढचे. दरवर्षी मार्चमधल्या एका रविवारी क्लबात चॅरिटी डे असतो. सगळे गुलाबी कपडे घालून खेळतात, रॅफल म्हणजे बक्षिसांची सोडत असते, चहा-केक असतो आणि जमलेले पैसे स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या नर्सेसच्या संस्थेला जातात. बारा वर्षं हा दिवस एकच बाई सांभाळत आल्या. त्या आता एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या हातचे स्कोन क्लबात प्रसिद्ध. त्यांची धाकटी बहीण याच आजारानं गेली. यंदा त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून कमिटीनं काम माझ्याकडे दिलं.

मी जोरात तयारीला लागले. आमच्या मराठी मंडळातले साठ जण यायला तयार केले. वडापावचा स्टॉल, ढोल-ताशा, फोनवर तिकीट, वस्तूंचा लिलाव. कमिटी खूश. आजींना कागद दाखवला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुला बरं वाटेल तसं कर, डिअर." त्यानंतर आठवडाभर त्यांनी माझा फोन घेतलेला नाही. त्यांच्या दोन मैत्रिणी नुसती मान हलवून पुढे जातात. ग्रीनची, म्हणजे खेळायच्या गवताची, देखभाल करणारे गृहस्थ म्हणाले, साठ नवखे एकदम माझ्या ग्रीनवर नकोत. आणि मंडळाच्या ग्रुपवर एकानं विचारलं, "म्हणजे आपण क्लबच्या बारचा गल्ला भरायला जायचं का? नर्सेसना नक्की किती जातात?" खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही. गेल्या वर्षीचा आकडा बोर्डावर लावला होता, पण तो खर्च वजा करून की न करता, कुणास ठाऊक. आमचे हे म्हणतात, "सोड ना, आपल्याला काय पडलंय." सहा आठवडे उरलेत. काय करू? नाव छापू नका.

*

सांगलीकरबाई,

पैशाचं आधी बोलू, कारण ते सोपं आहे आणि त्याचं उत्तर एका फोनवर मिळेल.

ग्रुपवरच्या त्या गृहस्थांचा तुम्हाला राग आलेला दिसतो. येऊ देऊ नका. हा माणूस गणपतीच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकात वाढलेला आहे. अनंत चतुर्दशीनंतर मंडळानं जमाखर्चाचा कागद फळ्यावर लावला नाही तर पुढच्या वर्षी वर्गणी मागायला येणाऱ्या पोरांना दारातून परत पाठवणारी आपली जात. त्यानं विचारलं ते योग्यच विचारलं, आणि ते तुम्ही आधी विचारायला हवं होतं.

अशा दिवशी पैसा पाच-सहा तोंडांनी येतो. खेळण्याची फी, रॅफल, केकचं टेबल, सॉसेजची शेगडी, तुमचा नवा लिलाव, आणि बार. यातला बार बहुतेक ठिकाणी क्लबचाच असतो. त्यात लबाडी काही नाही. ते गवत आठवड्यातून अनेकदा कापावं लागतं, त्यावर रोलर फिरवावा लागतो, पाणी आणि खत घालावं लागतं, आणि ऐंशी पेन्शनरांच्या सभासदवर्गणीत ते भागत नाही. लबाडी होते ती न सांगण्यात. "आजची सर्व रक्कम नर्सेसना" असं पत्रकावर छापायचं आणि मग त्यातून सॉसेज, पाव, कांदे आणि रंगीत छपाईचे पैसे कापायचे, हे करू नका. पत्रकावर सरळ लिहा: खेळण्याची फी माणशी २५ डॉलर, त्यातले ५ क्लबच्या ग्रीनसाठी, २० नर्सेसना. रॅफल आणि केक, सगळं नर्सेसना. बार क्लबचा. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण दिवसाच्या आधी ठरवा आणि सगळ्यांना दिसतील असे लावा. मग बारवर बिअर घेणारा माणूस क्लबला मदत करतोय हे त्याला माहीत असतं, आणि कुणी कुणाचा गल्ला भरला असं होत नाही.

गेल्या वर्षीचं कोडं सोडवायला बोर्डासमोर उभं राहून उपयोग नाही. खजिनदाराला फोन करा आणि संस्थेला पैसे पाठवल्याची बँकेची पावती दाखवा म्हणा. त्या पावतीवर जो आकडा असेल तो खरा. विचारताना मात्र तपासनीस होऊ नका. "यंदाच्या पत्रकात गेल्या वर्षीची रक्कम छापायची आहे, नेमकी किती गेली?" एवढं पुरे. पावती आणि बोर्ड यांत फरक निघाला तर बहुधा तो सॉसेजचाच असेल.

रोख पैसे मोजायला दोन माणसं, आणि ती एका घरातली नकोत. मोजायचे तिथेच, डबा घरी न्यायचा नाही, कागदावर दोघांच्या सह्या. संस्थेला आधी कळवा. त्यांचं नाव आणि चिन्ह वापरायला त्यांची परवानगी लागते, आणि ती मिळाली की गुलाबी रंगाच्या वस्तू बहुधा तेच पाठवतात. संस्था खरी नोंदलेली आहे का, हे ऑस्ट्रेलियाच्या सरकारी धर्मादाय नोंदवहीत नाव टाकून दोन मिनिटांत दिसतं. त्याचा फोटो ग्रुपवर टाका. रॅफलचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत, ते क्लबच्या सेक्रेटरीला विचारा. त्यांनी आयुष्यभर रॅफलच काढल्यात.

आणि मंडळात दोन-चार तरी अकाउंटंट असणारच, ते विचारतील: करात सूट मिळेल का? आधीच सांगून ठेवा. ज्या संस्थेला तशी मान्यता आहे तिला निव्वळ देणगी दिली, दोन डॉलर किंवा जास्त, तर मिळते. रॅफलच्या तिकिटाची मिळत नाही, केकची मिळत नाही. ज्याला सूट हवी त्यानं संस्थेच्या नावावर थेट देणगी द्यावी आणि पावती घ्यावी. हे दिवसाच्या दिवशी टेबलावर समजावत बसलात तर मागे रांग लागेल.

संस्थेचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण गुलाबी रंग आणि नर्सेस म्हटलं की मला सिडनीची जानेवारीतली कसोटीच आठवते. ग्लेन मॅग्राच्या बायकोला, जेनला, स्तनाचा कर्करोग झाला होता. दोघांनी मिळून २००५ साली मॅग्रा फाउंडेशन ही संस्था काढली. जेन २००८ मध्ये गेली, आणि २००९ पासून सिडनीच्या त्या कसोटीत स्टँड गुलाबी होतात, तिसरा दिवस तिच्या नावाचा असतो. नर्सेस रुग्णांकडून पैसे घेत नाहीत, त्यांच्या पगाराला संस्थेनं उभारलेल्या निधीचा हातभार लागतो. तुमचे पैसे तिथेच जात असतील तर मंडळातल्या क्रिकेटवेड्यांना आणखी काही समजवावं लागणार नाही.

आता आजी.

तुम्ही त्यांना कागद दाखवला आणि त्या म्हणाल्या, तुला बरं वाटेल तसं कर. हे तुम्ही होकार म्हणून घेतलंत? अहो, तुम्ही सांगलीच्या सुना-लेकींतल्या ना! सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून "करा बाई तुम्हाला हवं तसं" म्हणतात तेव्हा डाळीला फोडणी कशाची द्यायची हे आपण परत जाऊन विचारतो की नाही? मग तेच वाक्य इंग्रजीत आणि शेवटी डिअर लावून आलं तर ते वेगळं कसं झालं?

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, की त्यांची धाकटी बहीण याच आजारानं गेली. बारा वर्षं या बाई मार्चमधल्या एका रविवारी पहाटे उठून स्कोन भाजतात. क्लबच्या कॅलेंडरवर तो चॅरिटी डे असेल. त्यांच्या मनात ते बहिणीचं वर्षश्राद्ध आहे. तेराव्या वर्षी आपण बिछान्यात आणि एक चांगली, उत्साही शेजारीण येऊन सांगते की यंदा ढोल-ताशा आणलाय. तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मी तर डिअरसुद्धा म्हणाले नसते.

तुमचा हेतू वाईट नव्हता, हे त्यांनाही कळत असेल, म्हणून तर त्या भांडल्या नाहीत. पण तुम्ही त्यांना तयार कागद दाखवलात. बदल विचारायचे असतील तर कोऱ्या कागदानिशी जावं लागतं.

तेव्हा फोन करणं थांबवा आणि त्यांच्या घरी जा. दुपारी चहाच्या वेळी, आदल्या दिवशी निरोप ठेवून. काही दाखवायला नेऊ नका. फक्त विचारा, या दिवसातलं काय जसंच्या तसं राहायला हवं? आणि मग गप्प बसा. आपल्याला गप्प बसणं जमत नाही, पण जमवा. कदाचित त्या म्हणतील दुपारच्या चहाआधी एक मिनिट शांतता हवी. कदाचित म्हणतील केकच्या टेबलावरचा तो जुना टेबलक्लॉथ बदलू नका. तुम्हाला क्षुल्लक वाटेल असंच काहीतरी निघेल, आणि तेच पाळायचं.

दुसरं, त्यांच्याकडे एक वही असणार. बारा वर्षं एकहाती कार्यक्रम करणाऱ्या बाईकडे वही नसेल असं होत नाही. कोण लेमन स्लाइस करतं, कोण लॅमिंग्टन, कुणाचा केक कच्चा राहतो म्हणून तिला नुसतं दूध आणायला सांगायचं, रॅफलच्या बक्षिसाचा मीट ट्रे कोणता खाटीक फुकट देतो, उन्हात कुणाला चक्कर येते. ती वही मागा. तुमच्या फोनवरच्या तिकिटापेक्षा ती वही जास्त पैसे आणून देईल.

आणि कृपा करून सत्कार ठरवू नका. शाल-श्रीफळाची आपली हौस मला माहीत आहे. गुलाबी शाल मनात येऊनही गेली असेल. त्या बाईला माइकसमोर उभं करून बहिणीबद्दल चार शब्द बोलायला लावलंत तर मी तुम्हाला पुन्हा उत्तर देणार नाही. त्यांना खेळायचं असेल तर खुब्याला न वाकवता खेळता येतं. चेंडू धरून सोडायची ती लांब दांडी, बोलिंग आर्म, क्लबात कुणाकडे तरी असतेच. डॉक्टर हो म्हणाले असतील तर त्यांना हवा तेव्हा एक चेंडू टाकू द्या. नुसतं खुर्चीत बसायचं असेल तर बसू द्या, सावलीत, रॅफलच्या डब्याजवळ.

ग्रीनवाल्या गृहस्थांचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर आहे. हिशोबच करू. एका ग्रीनवर साधारण सात-आठ रिंक, म्हणजे खेळायचे पट्टे. एका रिंकवर चार-चार जणांचे दोन संघ धरले तर आठ माणसं, म्हणजे आठ रिंक गच्च भरले तरी चौसष्ट. तुमचे साठ आल्यावर क्लबचे निम्मे, म्हणजे चाळीस, आले तरी कुठे उभे राहणार? स्वतःच्या क्लबात, गुलाबी शर्ट घालून, कठड्यावर? त्या दोन मैत्रिणी मान हलवून पुढे जातात त्याचं एक कारण हेही असेल.

साठांचे तीस करा. सकाळ क्लबच्या लोकांची, त्यांचे तिघातिघांचे सामने नेहमीसारखे होऊ द्या. मंडळी चहाच्या वेळी येतील, स्कोन खातील, मग दुपारी चार रिंकवर अनवाणी खेळतील. अनवाणी किंवा सपाट तळाचे बूट, टाचा अजिबात नकोत. प्रत्येक रिंकवर क्लबचा एक जाणता माणूस शिकवायला द्या, आणि त्यात त्या दोन मैत्रिणींना आधी विचारा. सत्तरीतल्या बाईला कुणी "कसं धरू हो?" विचारलं की तिचा राग फार टिकत नाही.

नवख्यांना पहिली गोष्ट एकच शिकवायची. चेंडू टाकायचा नाही, सोडायचा. कमरेच्या उंचीवरून आदळला की गवतात वाटीएवढा खड्डा पडतो, आणि पुढचा महिनाभर प्रत्येकाचा चेंडू तिथे उडतो. कृष्णेच्या पाण्यात द्रोणातला दिवा कसा सोडतो, गुडघा वाकवून, हात पाण्याला लागेपर्यंत खाली नेऊन? तसा. हे तुम्ही सांगलीच्या भाषेत सांगितलंत तर मंडळींना पटकन कळेल.

मीही एकदा हे खेळले आहे. लेकीकडे अॅडलेडला चार महिने होते तेव्हा तिच्या ऑफिसच्या लोकांबरोबर. चेंडू पूर्ण गोल नसतो, एका बाजूला किंचित कमी असतो, म्हणून वेग कमी झाला की तो त्या बाजूला वळतो, हे मला समजावलं होतं. लहान चकतीचं चिन्ह आतल्या बाजूला ठेवायचं, हेही सांगितलं होतं. मी अर्थातच उलटा धरला. तो चेंडू आमच्या जॅककडे, म्हणजे ज्याच्या जवळ जायचं त्या लहान चेंडूकडे, पाठ फिरवून, मोठ्या ऐटीत वळण घेत शेजारच्या रिंकमध्ये गेला आणि तिथल्या एका गृहस्थाच्या बुटाला टेकून थांबला. सगळं मैदान ओरडलं. एक आजोबा पत्र्याचा डबा खुळखुळवत आले आणि माझ्याकडून दोन डॉलरचं सोनेरी नाणं घेऊन गेले. उलट्या चेंडूचा दंड! तुमच्या तीस नवख्यांसाठी हा डबा ठेवाच. लिलावापेक्षा जास्त जमेल, आणि देणारा हसत देईल.

लिलाव यंदा नकोच. बाराशे डॉलरची टोपली बोलीला लावली की उरलेल्या सगळ्यांना आपण दिलेले पाच डॉलर लहान वाटायला लागतात. त्याऐवजी स्पायडर आहे ना, तो जोरात करा. तुम्ही पाहिला असेलच, पण मंडळींना सांगायला हवं. दोन डॉलर भरायचे, ग्रीनच्या चारी कडांना सगळे उभे, मधोमध पांढरा जॅक, आणि शिट्टी झाली की सगळ्यांनी एकाच वेळी एकेक चेंडू सोडायचा. साठ-सत्तर चेंडू वळत वळत मधे येतात, एकमेकांवर आपटतात, जॅकला सगळ्यात जवळ असेल त्याला बक्षीस. यात पन्नास वर्षं खेळणारा आणि आज पहिल्यांदा आलेला दोघांना जवळपास सारखीच संधी. क्लब आणि मंडळ एका वर्तुळात उभं राहण्याची दिवसातली ती एकच वेळ. ढोल वाजवायचाच असेल तर तिथे एकदा, अर्धा मिनिट. ताशा घरीच ठेवा. जॅकवर नजर लावून उभ्या असलेल्या माणसाच्या मागे ताशा वाजला तर तुमचं पुढलं पत्र मला कोर्टातून येईल.

कुणीतरी मंडळात म्हणेलच की हा म्हाताऱ्यांचा खेळ. त्याला २०२२ चं बर्मिंगहॅम आठवून द्या. राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० हरवून सुवर्ण आणलं, या खेळातलं भारताचं पहिलंच. त्यातली लवली झारखंड पोलिसातली. त्या दिवशी अख्ख्या देशानं या खेळाचे नियम पहिल्यांदा गूगलवर शोधले.

वडापाव. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, तरी नाही म्हणते. शंभर माणसांसाठी क्लबच्या लहानशा किचनमध्ये उकळत्या तेलाची कढई, पोरं आतबाहेर, आणि आजींच्या केकच्या टेबलावर तळणाचा वास. शिवाय असा स्टॉल लावायचा तर कौन्सिलकडे आधी नोंद करावी लागते, त्याची विचारपूस सेक्रेटरीकडे आत्ताच करा. पुढच्या वर्षी करा हवं तर, बाहेर, वेगळ्या तंबूत. यंदा सॉसेजच्या शेगडीवर शाकाहारी सॉसेज वेगळ्या तव्यावर ठेवा, म्हणजे आपली निम्मी मंडळी उपाशी राहणार नाहीत. ती शेगडी तुमच्या ह्यांच्या ताब्यात द्या. कांदे परतायचा चिमटा हातात आला की ऑस्ट्रेलियात राहणारा पुरुष तीन तास हलत नाही, आणि "आपल्याला काय पडलंय" म्हणायला सवड मिळत नाही.

मीट ट्रेचंही सांगून ठेवते. रॅफलचं पहिलं बक्षीस बहुतेक तेच असतं, चॉप्स, सॉसेज आणि स्टेकचा मोठा ट्रे. तो हमखास तुमच्यातल्या सगळ्यात कडक शाकाहारी काकांना लागणार. आमच्या ह्यांना लागला होता. हातात ट्रे घेऊन, देवळात चप्पल हरवल्यासारखा चेहरा करून उभे होते. शेवटी शेजारच्या रिंकवरच्या त्याच बूटवाल्या गृहस्थाला दिला, आणि त्यानं बदल्यात पुढच्या आठवड्यात लिंबांची पिशवी आणून दिली. काकांना आधीच सांगून ठेवा, नाही म्हणायचं नाही, घ्यायचा आणि कुणाला तरी द्यायचा.

आजींकडे जाताना रिकाम्या हाती जाऊ नका, पण सवयीनं चिवड्याचा डबाही उचलू नका. त्यात शेंगदाणे असतात. त्यांना चालतात का, ते आधी विचारा. लिंबू सरबताची बाटली न्या.